त्या रात्री मी कॉक बंद केला

लातूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीपासून तुला एक ओळही लिहिली नाही, याची खंत आहे. माझी प्रकृती ठीक आहे, साखर आटोक्यात आहे. आज लिहायला बसलो, कारण माझ्या हातून एक गोष्ट घडली आणि ती तुझ्याशिवाय कोणाला सांगावीशी वाटत नाही.

कार्तिक अमावास्येजवळच्या शनिवारी बागेत नेहमीप्रमाणे आकाशदर्शन होते. कृत्तिका माथ्यावर आल्या होत्या, मुले सतरंज्यांवर आडवी झाली होती, दुर्बिणीत मृगातला तेजोमेघ लावलेला होता आणि एक लहानगी स्टुलावर चढून डोळा लावणार, एवढ्यात अकराच्या ठोक्याला हिरवळीवरचे तुषार सुरू झाले. मी दुर्बिणीवर शाल टाकली, तरी आरशावर थेंब पडलेच. त्या संतापात मी टाकीपाशी जाऊन कॉक बंद केला आणि माळीमामांना मुलांसमोर नको ते बोललो. ते गप्प राहिले. पाण्याची पाळी चार दिवसांनी असते. ती हुकली, पूर्वेकडचा पट्टा करपला आणि वरिष्ठांची बोलणी मामांनी खाल्ली.

तेव्हापासून मला एप्रिल २०१६ आठवतो आहे. मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते, पहिल्या खेपेला १० वाघिणींतून ५ लाख लिटर, आणि आपण रात्री टँकरच्या रांगेत उभे होतो. मी सप्तर्षी दाखवू लागलो, तर तू खेकसलास, "आधी घागर बघ!" त्यावरून आपण महिनाभर बोललो नाही. तुझेच बरोबर होते.

परवा मामांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. ते म्हणाले, "गुरुजी, दिवसा दिलेलं पाणी ऊन पिऊन टाकतंय, अन् पहाटं पाचला फिरणारे येतेत. मग मी पाणी द्यावं कवा?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढे दोघांनी पंचांग घेऊन हिशेब मांडला. पाती रात्रभर ओली राहिली तर गवताला बुरशी लागते, म्हणून एरवीही तीन ते पाच हीच वेळ बरी, आणि तोवर आमचे लोक घरी गेलेले असतात. अमावास्येजवळचे शनिवार वर्षात बारा. त्यांतले पावसाळ्यातले चार ढगांतच जातात.

अडचण राहते ती १३ डिसेंबरच्या रात्रीची. मिथुनेतला उल्कावर्षाव रात्री दोनच्या सुमारास, मिथुन रास माथ्यावर आली की, बहरतो आणि मुले उजाडेपर्यंत उठत नाहीत. त्याला दुर्बीण लागत नाही, पडायला कोरडी जमीन लागते. पण त्याच पहाटे पूर्वेच्या पट्ट्याची पाळी आहे आणि ती पुन्हा चुकवायला मी तयार नाही. पश्चिमेचा पट्टा आम्हाला सोडून फक्त पूर्वेला पाणी द्यायचे, असे मामांनीच सुचवले. मात्र अर्धेच तुषार चालवले तर मोटरचा सगळा दाब त्यांच्यावर येईल, फवारा लांब उडेल आणि थंडीतला पूर्वेचा वारा तो आमच्याच अंगावर आणील, अशी मला भीती वाटते. तू पाटबंधाऱ्यात जन्म घालवलास, म्हणून विचारतो: जादा पाणी टाकीत परत सोडणारी नळी जोडली तर दाब पुरेसा उतरेल का? मोटर तीन अश्वशक्तीची आहे, मुख्य नळ दोन इंची आहे.

वहिनींचा गुडघा कसा आहे? धाकटीला नोकरी लागल्याचे कळले, फार आनंद झाला.

उत्तर फोनवर देऊ नकोस. आकृती काढून तेराच्या आत पाठव, मामांना दाखवायची आहे.

तुझाच,
गुरुजी