अभंगातले दंड गाळू नका

महोदय,

नाताळात आणि उपवासकाळात आपल्या पुरवणीत वाचकांनी रचलेल्या ख्रिस्तभक्तीच्या कविता येतात. ही जागा मोलाची आहे. मात्र अभंग छापताना चरणांमधले दंड, म्हणजे ‘।’ या उभ्या रेघा, गाळले जातात आणि चारही चरण सलग येतात. मग वाचणारा अडखळतो, आणि भजनी मंडळाला कुठे थांबायचे तेच कळत नाही. दंड राखावेत, ही पहिली विनंती.

दोष एकट्या छपाईचा नाही, लिहिणाऱ्यांकडूनही मोजणी राहते. मोठ्या अभंगाच्या कडव्यात ६, ६, ६ आणि ४ अक्षरे असतात, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे. जोडाक्षर एकच धरायचे, ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही. उदाहरणार्थ:

गव्हाणीत बाळ । गवताची शेज ।
पणतीचे तेज । मुखावरी ॥

संतांच्या अभंगांत एखादे अक्षर कमी-जास्त सापडते आणि गाताना ते सांभाळले जाते. पण नवशिक्याने ती सवलत आधीच घेऊ नये.

घोटाळा बहुतेकदा बायबलमधल्या नावांपाशी होतो. ‘बेथलेहेम’ पाच अक्षरांचे. सहाच्या चरणात त्याच्याजवळ एकच अक्षर उरते, आणि चारच्या चरणात ते मावतच नाही. मग ‘बेथलेहेमी जन्मला’ असे लिहिले जाते आणि ‘जन्मला’ हा शब्द मधोमध तुटून ‘ज’ एका चरणात, ‘न्मला’ दुसऱ्यात जातो. त्याऐवजी ‘दाविदाच्या गावी’ लिहावे. अक्षरे नेमकी सहा, आणि लूकच्या शुभवर्तमानाला धरूनही आहे. ‘यरुशलेम’, ‘गेथशेमाने’ यांचीही तीच अडचण. ‘क्रूस’ दोन अक्षरांचा, ‘वधस्तंभ’ चारांचा; शेवटच्या चरणाला दुसरा चपखल बसतो. अक्षर कमी पडले की ‘ती’, ‘हो’, ‘रे’ भरायची सवय मात्र सोडावी. भरतीचे अक्षर गाताना लगेच उघडे पडते.

आशयातही काळजी हवी. मेंढपाळ लूकच्या शुभवर्तमानात आहेत, मागी लोक, म्हणजे पूर्वेकडून आलेले ज्ञानी, मत्तयच्या. मत्तय त्यांची संख्या सांगत नाही. सोने, ऊद आणि गंधरस या तीन भेटींवरून ती तीन धरली गेली. ते घरात आले असे तिथे लिहिले आहे, गव्हाणीपाशी नव्हे. आणि बर्फ तर दोन्हीकडे नाही, तो इंग्रजी गीतांतून आपल्या कवितांत येतो. वसईच्या किंवा नगरच्या माणसाला अंगणातले दव, शेकोटी, ज्वारीचे कणीस ठाऊक आहे. मेंढपाळांची रात्र त्यातून लिहिता येते.

असे लिहिण्यात आपण काही नवे करत नाही. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द सहज येतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) बाप्तिस्मा घेतल्यावर अभंगाचीच वाट धरली, आणि त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. या दोघांची पाने समोर ठेवून अक्षरे बोटांवर मोजली, तर महिन्याभरात कान तयार होतो. लिहिलेले कडवे टाळीवर मोठ्याने म्हणून पाहावे. अडते तिथे चूक असते.

दुसरी विनंती आपल्या पुरवणीच्या कविता-स्पर्धेच्या निवेदनाविषयी. त्यात ‘बारा ओळींची मर्यादा’ असते. बरेचजण चरणालाच ओळ समजतात आणि तीन कडव्यांवर थांबतात. एक कडवे धृपदात जाते, मुद्रिकेला, म्हणजे शेवटी येणाऱ्या कवीच्या नाममुद्रेला, जागा उरत नाही. ‘दास म्हणे’ ही चार अक्षरे शेवटच्या कडव्याच्या पहिल्या चरणात यायची, तर त्याआधी आशयाला निदान तीन कडवी हवीत. म्हणून निवेदनात ‘चार ते सहा कडवी’ असे छापावे.

आपला,
एक वाचक, वसई