ब्रेकच्या आवाजाबद्दल, मनूला

पुणे, रविवार रात्र

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा तुझा मेसेज येईपर्यंत मी गॅलरीतच बसून होतो. आईने दोनदा जेवायला हाक मारली. फोनवर टाइप करायला घेतलं की माझं बोलणं दोन ओळींत संपतं, म्हणून कागदावर लिहितोय. आई फोटो काढून पाठवेल.

ओजससमोर मी आवाज चढवला, ते चुकलं. तू न जेवता निघालीस हे त्याहून जास्त लागलं. पण "बाबा, नुसता आवाज आहे, गाडी थांबतेय ना" असं तू म्हणालीस, आणि मला पुढे काही सुचेना. गाडी थांबतेय म्हणूनच आत्ता बघायचं. थांबेनाशी झाल्यावर बघायला काय उरतं?

पावसात किंवा गाडी धुतल्यावर सकाळी जो आवाज येतो तो वेगळा. रात्रीत डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीवर, गंजाचा पातळ थर चढतो, चार-पाच ब्रेकमध्ये घासून जातो आणि आवाज थांबतो. त्याला मी कधी नावं ठेवली नाहीत. तुझ्या गाडीचा आवाज मात्र कोथरूडहून वारज्याला जाऊन आलो तरी तसाच होता, बारीक, सुरीला धार लावताना येतो तसा. डिस्कला दाबून चाक थांबवणाऱ्या पॅडला पत्र्याची एक छोटी जीभ असते. नवा पॅड दहा-बारा मिलिमीटर जाड असतो. झिजत दोन-तीनवर आला की ती जीभ डिस्कला टेकते आणि ओरडायला लागते. ओरडण्यासाठीच ती बसवलेली असते, बाळा.

तुझ्या तिथल्या गॅरेजवाल्याने अलॉय चाकाच्या फटीतून बघून पॅड आहेत म्हणून सांगितलं. त्याचं खोटं नाही. मीही बॅटरी मारून पाहिलं, बाहेरचा पॅड चांगला जाड आहे. पण आतल्या बाजूचा पॅड चाक काढल्याशिवाय नीट दिसत नाही. तू आईशी बोलत होतीस तेव्हा मी पुढच्या दोन्ही चाकांजवळ तळहात धरून बसलो होतो, न टेकवता. उजवं कोमट होतं. डाव्याची धग चांगली वीतभर लांबून लागत होती. म्हणजे पॅड धरून दाबणारा डावा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना सुकून अडकल्या असणार. पाय उचलला तरी कॅलिपर नीट मागे सरकत नाही, पॅड घासत राहतो, आणि अशा वेळी आतला आधी संपतो. तुला हे सगळं सांगायचं होतं, पण तोंडातून निघालं ते "तुला गाडीतलं काय कळतं". माफ कर. तुला कळतं. सहावीत असताना स्कूटरचे ब्रेक शू काढताना तू बॅटरी धरायचीस, आणि उजेड एकदाही हलायचा नाही. डेपोतल्या पोरांना मला तीन-तीनदा ओरडावं लागायचं.

पसरणी घाटात पहिल्यांदा गाडी चढवलीस तेव्हा आजी मागे होती आणि माझा हात हँडब्रेकवर. पाचगणी येईपर्यंत तो ओढायची वेळ आली नाही. ते मी तुला कधी बोललो नाही. स्वारगेटला मात्र सगळ्यांना सांगितलं होतं.

पण चढ वेगळा आणि उतार वेगळा. अप्पांच्या जीपबद्दल मी लिहिणार नव्हतो. वरंधा घाटात त्यांनी डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडली, सगळा भार ब्रेकवर आला, ऑइल उकळलं आणि पेडल थेट तळाला गेलं. पुढचं तुला माहीत आहे. म्हणून लहानपणापासून तुझ्या कानीकपाळी ओरडतोय, ज्या गिअरमध्ये चढतो त्यातच उतरायचं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, मग ते लवकर उकळतं. दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. तुझं कधी बदललंय? बघ, पुन्हा शाळा सुरू झाली माझी.

तू शनिवारी पसरणी उतरून येणार. खंबाटकीचा बोगदा, मग कात्रजचा नवा बोगदा, आणि तिथून नवले पुलापर्यंतचा तो उतार. नोव्हेंबर 2022 मध्ये तिथे एका ट्रकने कितीतरी गाड्या ठोकल्या होत्या. मागे ओजस बसलेला असतो. मला झोप लागत नाही, मनू.

म्हणून मीच येतो. उद्या नाना पेठेतून पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड आणतो. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक दाबल्यावर गाडी एकीकडे ओढू शकते. पिनांचं ग्रीस आणि क्लिपा माझ्याकडे आहेत. डिस्कवर चर पडलेत का तेही पाहू. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. जोडणी तू करायचीस, मी बाजूला बसेन. पॅडच्या पाठीला ग्रीस बोटाला लागेल इतकंच पुरतं, पण घासणाऱ्या बाजूला थेंबही लागू द्यायचा नाही. आणि नवे पॅड बसवताना पॅडला ढकलणारा पिस्टन मागे दाबलेला असतो, म्हणून गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करायचं. हे विसरून पार्किंगच्या भिंतीत गाडी घातलेले चांगले जुने मेकॅनिक मी पाहिलेत.

बुधवारी सकाळी सहाच्या गाडीने स्वारगेटहून निघतो. वाईला उतरून पुढची गाडी धरेन, तू घ्यायला खाली येऊ नकोस. निखिलरावांना सांग, सपाट जागा आणि चाकांना लावायला दोन मोठे दगड बघून ठेवा. आईने भाजणी दळून आणलीय, ती घेऊन येतो.

तुझे,
बाबा

ता. क. तोवर शाळेत पायी जा. लांब पडतं हे मला माहीत आहे. आणि गाडी काढावीच लागली आणि आवाज बारीक होता तो घर्र असा झाला, तर तिथेच बाजूला लाव आणि मला फोन कर. रात्र असली तरी कर.