डोळ्यांच्या तपासणीचा कागद रुग्णाच्या हाती हवा

महोदय,

गेल्या महिन्यात आमच्या भागात नेत्रतपासणी शिबिर झाले. माझ्या सत्तरी ओलांडलेल्या आईचे डोळे तिथे तपासले गेले आणि तिच्या हाती तळहाताएवढी चिठ्ठी आली. तिच्यावर इंग्रजीत दोन अक्षरे आणि शस्त्रक्रियेची तारीख, एवढेच होते. मोतीबिंदू कोणत्या डोळ्यात आहे, दुसऱ्या डोळ्याने किती दिसते, चष्म्याचा नंबर किती, हे सगळे नोंदवहीत राहिले आणि नोंदवही शिबिराबरोबर निघून गेली. कपाशीची वेचणी तोंडावर असल्याने ठरल्या तारखेला आईला नेता आले नाही. पुढे तालुक्याच्या गावी नेले, तेव्हा सारी तपासणी पहिल्यापासून करावी लागली.

मोतीबिंदूत शस्त्रक्रियेनंतर दिसू तरी लागते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, आणि ती घटते आहे की नाही हे मागच्या नोंदीशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर होणाऱ्या परिणामाचेही तसेच आहे. मागची नोंदच हाती नसेल, तर नवे डॉक्टर ताडून तरी कशाशी पाहणार?

देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यास त्याच्या नोंदी ७२ तासांत द्याव्या लागतात. परंतु मागायचे असते हेच आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक नसते, आणि शिबिर उठून गेल्यावर मागायचे कोणाकडे, हा प्रश्न उरतोच. म्हणून न मागता कागद मिळाला पाहिजे. त्यावर दोन्ही डोळ्यांची चष्म्याशिवायची व चष्म्यासह नजर, चष्म्याचा नंबर, डोळ्यांच्या बाहुल्यांमधील अंतर, डोळ्यांचा दाब मोजला असल्यास तो आणि पुढच्या तपासणीची तारीख असावी. हे सारे मराठीत व ठळक, मोठ्या अक्षरांत, कारण हा कागद ज्याला कमी दिसते त्याच्याच हाती जाणार आहे. ६/६० असा नुसता आकडा लिहिण्याऐवजी ‘निकोप डोळ्याला ६० मीटरवरून दिसणारे अक्षर या डोळ्याला ६ मीटरवरून दिसते’ अशी एक ओळ लिहिली, तर घरातले शाळकरी पोरही ती आजीला वाचून दाखवू शकेल.

हे काम आमच्या लोकप्रतिनिधींचे आहे, असे मी जबाबदारीने म्हणतो. गावोगावच्या अनेक शिबिरांच्या फलकांवर त्यांची छायाचित्रे असतात, तेव्हा तपासलेल्या प्रत्येकाला कागद मिळेल ही अट शिबिर घेणाऱ्यांना घालणे त्यांच्या हातात आहे. जिल्हा परिषद सदस्यांनी आरोग्य समितीत हा विषय मांडावा आणि आमदारांनी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात प्रश्न विचारून, सरकारी रुग्णालय असो वा खासगी शिबिर, सर्वांसाठी एकच नमुना ठरवून घ्यावा.

आम्ही काही गावकरी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तसा ठराव मांडणार आहोत. त्याची प्रत आमदार व जिल्हा परिषद सदस्यांना देऊन पोच घेऊ. इतर गावांनीही असेच ठराव केले, तर ही मागणी एका गावापुरती राहणार नाही. दुसऱ्या तपासणीच्या वेळी मी आईच्या डोळ्यांचे सारे आकडे विचारून वहीच्या पानावर उतरवून घेतले आणि ते पान रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवले आहे. शस्त्रक्रियेला जाताना ते सोबत नेणार आहे.

आपला,
एक शेतकरी वाचक, जि. यवतमाळ