बाकावरून पाहिलेलं डिस्नेलँड

प्रिय मुक्ता,

तुझा मेसेज वाचला आणि लगेच फोन लावणार होते. पण फोनवर तू मला मध्येच तोडतेस आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून सविस्तर लिहायला बसलेय. शेवटपर्यंत वाच.

तू लिहिलंयस, "मला साध्या झोपाळ्यावर गरगरतं. समीर आणि पोरं दिवसभर राइडवर असणार. मी डिस्नेलँडला जाऊन करू काय? त्यापेक्षा हॉटेलवर पडून राहीन." हा विचार डोक्यातून काढून टाक गं. कॅलिफोर्नियातल्या त्या डिस्नेलँडमधला एक अख्खा दिवस मी एकाही मोठ्या राइडवर न बसता काढलाय, आणि त्या सगळ्या प्रवासातला तोच दिवस मला आजही तासातासाने आठवतो.

तेव्हा मला पाचवा महिना होता. हिसके देणाऱ्या राइडच्या तोंडाशीच पाट्या असतात : गरोदर बायकांनी बसू नये, पाठीचं-मानेचं दुखणं असणाऱ्यांनी बसू नये. त्यामुळे माझा प्रश्न आधीच निकालात निघाला होता. बरोबर अनिकेत, भाऊजी, जाऊबाई आणि अकरा वर्षांचा ओजस. भाऊजींनी फोनमध्ये दहा-दहा मिनिटांचं वेळापत्रक केलं होतं. पहिले दोन तास मी त्यांच्याबरोबर पळाले. म्हणजे ते रांगेत शिरायचे आणि मी चौघांच्या बॅगा सांभाळत बाहेर यायच्या वाटेवर उभी. केस विस्कटलेली, हसत-ओरडत माणसं यायची आणि मी प्रत्येक घोळक्यात आपली माणसं शोधायची. ती सापडली की लगेच पुढच्या रांगेकडे. दहा वाजेपर्यंत माझे पाय भरून आले आणि खरंच रडू यायला लागलं. मुक्ता, तू काहीही कर, पण राइडच्या बाहेर ताटकळत उभी राहू नकोस. दिवस तिथेच सांडून जातो.

शेवटी मी अनिकेतला म्हटलं, "तुम्ही जा. दीड वाजता किल्ल्यासमोर भेटू." ते गेले, आणि मी उलटी चालत पार फाटकापाशी आले. सकाळी पळत ओलांडलेला रस्ता पुन्हा पहिल्यापासून, माझ्या चालीने चालायचा ठरवला.

सगळ्या पार्कभोवती मातीचा उंच भराव आहे आणि त्याच्यावरून आगगाडीचे रूळ गेलेत. बाहेरचे रस्ते, इमारती आतून दिसू नयेत म्हणून तो घातलेला. आत यायला त्या भरावाखालून दोन बोगदे आहेत. बोगद्याच्या तोंडावर पाटी आहे, तिचा अर्थ असा की इथे तुम्ही 'आज' मागे सोडून काल, उद्या आणि कल्पनेच्या जगात शिरता. सकाळी मी त्याच पाटीखालून गेले होते, पण तेव्हा नजर भाऊजींच्या पाठीवर होती. या खेपेला बोगद्यात मुद्दाम सावकाश चालले. आत जरा अंधार, गारवा, आणि बाहेर पडल्यावर एकदम ऊन, घोड्याच्या टापा आणि बँडचा आवाज.

पलीकडे मेन स्ट्रीट लागतो. १९००च्या आसपासचं छोटं अमेरिकी गाव, वॉल्ट डिस्नेने लहानपणी मिसुरीतल्या मार्सेलिनमध्ये पाहिलेल्या गावाची आठवण मनात ठेवून रचलेलं. एका बाकावर बसून मी समोरची इमारत बघत राहिले. काहीतरी वेगळं आहे हे जाणवत होतं, पण काय ते कळायला वेळ लागला. वरचा मजला खालच्यापेक्षा लहान आहे! आणि त्याच्यावर आणखी काही असेल तर ते त्याहून लहान. त्यामुळे इमारत उंच दिसते, पण अंगावर येत नाही. मोठ्या माणसालाही ती खेळण्यातल्या घरासारखी जवळची वाटते. किल्ल्याचंही तेच. तो जेमतेम ७७ फुटी आहे. खालचे दगड मोठे आणि वर जाताना बारीक होत गेलेले, म्हणून आभाळात चढल्यासारखा भासतो. वरच्या खिडक्यांवर नावं रंगवलीयत. मला ती दुकानदारांची वाटली होती, पण त्यांतली बरीचशी ती जागा उभी करणाऱ्या माणसांची आहेत. अमुक आणि मंडळी, तमुक शिंपी, असे खोटे धंदे लिहून त्यांना कायमचं त्या गावात राहायला दिलंय. मला हे फार आवडलं. अर्धा तास मी नुसती नावं वाचत होते.

आता तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर. फाटकाजवळच्या चौकात ऑपेरा हाउस नावाची इमारत आहे. ऊन लागायला लागलं म्हणून मी आत गेले, तर तिथे दालनात एक साधा, जुना, रंग उडालेला बाक ठेवलेला. तो लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधल्या मेरी-गो-राउंडजवळचा. वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना, डायॅन आणि शॅरनला, तिथे न्यायचा. पोरी लाकडी घोड्यांवर गोल फिरायच्या आणि हा बाकावर शेंगदाणे खात बसायचा. बसल्या बसल्या त्याला वाटायचं, अशी एखादी जागा हवी जिथे आईबापांना आणि मुलांना मिळून मजा करता येईल. डिस्नेलँडचं मूळ या विचारात आहे.

मी त्या बाकासमोर बराच वेळ उभी होते, बॅगा पायाशी ठेवून. मुक्ता, त्या माणसालाही तुझाच प्रश्न पडला होता : पोरं फिरतायत, मी इथे करू काय? त्याचं उत्तर म्हणून १७ जुलै १९५५ रोजी ती सगळी जागा उघडली. म्हणजे फिरणाऱ्यांइतकीच ती बाकावर बसणाऱ्यांचीही आहे. तू तिथे कुणाच्या तरी मागे मागे आलेली, बॅगा सांभाळणारी बाई नसशील.

१९५१मध्ये वॉल्ट डेन्मार्कमधल्या कोपनहेगनचं टिवोली हे करमणुकीचं उद्यान बघून आला होता. टिवोली १८४३चं. तिथे पाळणे आहेत, पण फुलांचे ताटवे, दिवे, वाद्यवृंद आणि पाण्याकाठी बसायच्या जागाही आहेत, आणि पुष्कळ लोक संध्याकाळी नुसते फिरायला येतात. तिथलं काही ना काही त्याच्या मनात राहिलं असणार. म्हणून मला वाटतं की थीम पार्कमध्ये नुसतं हिंडणं-बसणं हीच मुळात जुनी रीत आहे.

पुढे ऐक. किल्ल्याच्या उजव्या अंगाला एक आडवाट आहे, तिकडे नक्की वळ. गर्दी पाच पावलांवर असते, पण इथे फारसं कुणी येत नाही. छोटा धबधबा, एक विहीर, आणि त्या विहिरीतून हिमगौरीचं गाणं प्रतिध्वनीसारखं हळू ऐकू येतं. धबधब्याच्या कडेने हिमगौरी आणि सात बुटक्यांच्या पांढऱ्या मूर्ती. या मूर्ती आल्या तेव्हा हिमगौरी नेमकी बुटक्यांएवढ्याच उंचीची निघाली. मग त्यांनी काय केलं, तिला सगळ्यात वर, लांब उभं केलं आणि बुटक्यांना खाली, आपल्या जवळ. आता ती लांब आहे म्हणून लहान दिसते असं डोळा समजून घेतो. मला हे कळल्यावर मी कठड्याला टेकून एक डोळा मिटून बोटाने तिचं आणि एका बुटक्याचं माप घेत होते. शेजारच्या एका आजीबाईंनी मला विचारलं, काय करताय? मी सांगितलं, तर त्यांनीही चष्मा वर करून बोट धरलं.

तिथून मी पायांनी बघायला शिकले. भरलेल्या पायांमुळे असेल, पण एका विभागातून दुसऱ्यात जाताना तळव्यांना फरक कळायला लागला. फरसबंदी बदलते, कुठे गुळगुळीत, कुठे खडबडीत. तेवढ्यात मागचं संगीत विरत जातं आणि पुढचं ऐकू यायला लागतं. मधे एखादा पूल किंवा झाडांचा आडोसा असतो. सीमा कुठे आली ते डोळ्यांना कळत नाही. मी एका पुलावर तीनदा मागे-पुढे चालून बघितलं की पहिलं गाणं नक्की कुठल्या पावलावर संपतं. नाही सापडलं.

दीड वाजता सगळे भेटले, दोन वाजता पुन्हा पांगले. दुपारी मी आगगाडीत बसले. खरं वाफेचं इंजिन आहे, भरावावरून सगळ्या पार्कला फेरी घालतं, आणि तुला अजिबात गरगरणार नाही. साधारण वीस मिनिटांची फेरी, वारा लागतो, पाय वर करून बसता येतं. शेवटच्या टप्प्यात ती बोगद्यात शिरते : आधी ग्रँड कॅन्यनचं भलंमोठं चित्र, आणि मग धुक्यातले डायनोसॉर. मी दोन फेऱ्या केल्या. तिसऱ्या फेरीत पार्कच्या न्यू ऑर्लिन्स स्क्वेअर नावाच्या भागातल्या स्टेशनात उतरले.

या स्टेशनात थांब, मुक्ता. घाईने निघू नकोस. समोर एक छोटी केबिन आहे आणि तिच्यातून टक, टकटक, टक असा आवाज सतत येतो. तारयंत्राचा. लोक बाकांवर बसलेले असतात, गाडी आली की चढतात, बहुतेकांना तो आवाज ऐकूही येत नाही. मला वाटलं नुसती वातावरणनिर्मिती आहे. मग एका कर्मचाऱ्याला विचारलं, तर त्याचा चेहराच उजळला. ती टकटक निरर्थक नाही. उद्घाटनाच्या दिवशी वॉल्ट डिस्नेने केलेल्या छोट्या भाषणातली सुरुवातीची वाक्यं, या आनंदाच्या ठिकाणी येणाऱ्या सगळ्यांचं स्वागत करणारी, तारेच्या जुन्या सांकेतिक भाषेत दिवसभर पाठवली जातात. ज्याला ती लिपी येते त्यालाच कळणार. कुणाला कळो न कळो, स्वागत चालूच आहे. मी दोन गाड्या सोडल्या आणि ऐकत बसले.

तिथून नदीकाठ जवळ आहे. काठावर दगड झालेला झाडाचा बुंधा उभा आहे, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा. वॉल्टने तो बायकोला, लिलियनला, लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून घेतला होता आणि नंतर तिने तो पार्कला देऊन टाकला. ओजसला मी संध्याकाळी ओढत नेऊन दाखवला. सगळ्या दिवसात त्याने रांगेबाहेर हात लावलेली ती एकच वस्तू असेल. त्याच नदीत मार्क ट्वेन नावाची मोठी चाकाची बोट फिरते. तिच्या वरच्या मजल्यावर कठड्याशी उभी राहा. बारा-पंधरा मिनिटं काठाकाठाने शांत जाते, आणि लांबून डोंगरातल्या गाडीवरच्या किंकाळ्या ऐकू येतात. त्यात आपलाही नवरा ओरडत असेल असं वाटून मला फार छान वाटलं होतं.

बाकीचं भराभर सांगते. सकाळी उशिरा गेलीस तरी चालेल, पण संध्याकाळ सोडू नकोस. दुपारी दोन तास हॉटेलवर जाऊन झोप, खरंच. पाचच्या सुमाराला परत ये आणि मेन स्ट्रीटच्या चौकात बस. रोज तिथे बँडच्या साथीने झेंडा उतरवतात, माजी सैनिकांना पुढे बोलावतात. आणि अंधार पडायला लागला की दुकानांच्या कडाकडांनी लावलेले बारीक दिवे लागतात. ती वेळ डोळ्यांपुढे धरून ठेव. आभाळ अजून निळं असतं, दिवे पिवळे, आणि माणसांची चाल आपोआप हळू होते.

त्याच चौकात अग्निशमन केंद्राची इमारत आहे. वरच्या मजल्यावर वॉल्टच्या कुटुंबाची राहायची खोली होती. १९६६मध्ये तो गेला, पण त्या खिडकीतला दिवा त्याच्या आठवणीत तेवत ठेवतात. दिवसा तो चटकन दिसत नाही. रात्री, सगळे दमून फाटकाकडे चालले असताना, मी मान वर करून बघितला. अनिकेत म्हणाला, "काय बघतेस?" मी त्याला दिवा दाखवला. भाऊजी एकेका राइडची वेळ वाचून दाखवत होते, तेही थांबले. मग आम्ही पाचही जण तिथल्या बाकांवर बसलो आणि फाटक बंद व्हायची वेळ होईपर्यंत उठलो नाही.

तेव्हा तिकीट काढ. समीरला सांग की दिवसातून दोनदा भेटायचं, वेळ आणि जागा ठरवून, आणि बॅगा भाड्याच्या लॉकरमध्ये टाकायच्या. तुझ्याकडे काही द्यायच्या नाहीत. मऊ चपला घाल आणि संध्याकाळसाठी एक शाल ठेव, गार होतं.

आणि माझं एक काम कर. त्या तारयंत्राची टकटक मी फोनवर रेकॉर्ड केली होती, पण फोन बदलताना ती क्लिप गेली. स्टेशनात बसशील तेव्हा मिनिटभर रेकॉर्ड करून पाठव. इराला ऐकवायचीय. त्या दिवशी ती माझ्याबरोबरच होती ना.

तुझी,
नंदू