एमआरआय स्वच्छ असला तरी वेदना खरीच

संपादक महोदय,

एमआरआयमध्ये काही दिसले नाही की रुग्णाला ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणून घरी पाठवणे चुकीचे आहे, क्रूरही आहे. किती दुखावे हे एकटी जखम ठरवत नाही. मेरुरज्जूतच, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूतच, वेदनेचे संदेश अडवले किंवा पुढे सोडले जातात, हे मेल्झॅक आणि वॉल या वेदना-संशोधकांनी १९६५ मध्ये मांडले. ठेचाळलेला अंगठा चोळला की बरे वाटते, कारण स्पर्शाचे जाड, वेगवान तंतू बारीक वेदनातंतूंना तिथेच दाबतात. शिवाय मध्यमेंदूतून खाली आदेश येतात. ते एंडॉर्फिन, सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रिनलिन या शरीरातल्याच रसायनांच्या मदतीने वेदना कमी करतात, कधी वाढवतातही.

वेदनेचा मारा लांबला की मेरुरज्जूतील पेशी हळव्या होतात. त्यांच्यावरचे एनएमडीए ग्राहक (रासायनिक संदेश टिपणारी प्रथिनांची दारे) खुले होतात, कॅल्शियम आत शिरते आणि मग सदऱ्याचा नुसता स्पर्शही झोंबतो. अपुरी झोप आणि भीती यात भर घालतात.

अशा वेळी वेदनाशामकांचा डोस वाढवत नेणे हा उपाय नाही. डोकेदुखीत साध्या गोळ्या महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, असे तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या, तर त्यांच्यामुळेच डोके दुखू लागते. मज्जातंतूंच्या वेदनेत रात्री १० मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलिन या मूळच्या नैराश्यावरील गोळीपासून सुरुवात करतात. पण माहितीपत्रकात ‘नैराश्य’ वाचून रुग्ण ती परस्पर बंद करतात. ही गोळी मेंदूतून खाली येणारा वेदनारोध बळकट करते आणि परिणामाला काही आठवडे लागतात, एवढे तरी चिठ्ठी लिहितानाच डॉक्टरांनी सांगावे.

— एक वेदनोपचार तज्ज्ञ