चर्चिलचे ते ५५ गुण मैदानावरचेच

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय लीगमधल्या गोव्याच्या क्लबांवर आपल्या क्रीडा पानावर आलेला लेख वाचला. आय-लीग या तेव्हाच्या देशातल्या अव्वल फुटबॉल स्पर्धेचे २००७-०८ पासूनचे पहिले सहाही किताब गोव्यात आले, याची आठवण काढलीत हे बरे झाले. मात्र २०१२-१३ बद्दल ‘कोलकात्याच्या मोहन बागानवर कारवाई झाली आणि आपल्या चर्चिल ब्रदर्सचे फावले’ असा जो सूर लेखात आहे, तो गुणतक्त्याशी जुळत नाही.

झाले होते ते असे. ९ डिसेंबर २०१२ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर ईस्ट बंगालविरुद्ध मध्यंतरानंतर बागानचा संघ मैदानात उतरलाच नाही. तोवर ईस्ट बंगाल १-० ने पुढे होता, बागानच्या ओडाफाला (आपल्याकडचा जुना चर्चिलवाला) लाल कार्ड मिळाले होते आणि प्रेक्षकांतून आलेला दगड बागानच्याच रहिम नबीच्या तोंडावर बसला होता. तो सामना ईस्ट बंगालला ३-० असा बहाल झाला. डिसेंबर संपता संपता भारतीय फुटबॉल महासंघाने बागानला स्पर्धेतूनच बाद केले. जानेवारीच्या मध्यावर ती शिक्षा मागे घेतली आणि त्याऐवजी दोन कोटींचा दंड लावून तोवर मिळवलेले गुण शून्य केले.

लेखातली गफलत इथे आहे. शून्य झाले ते बागानच्या खात्यातले गुण. बागानशी खेळलेल्या इतर संघांच्या खात्याला कोणी हात लावला नाही, ते निकाल जसेच्या तसे राहिले. बादची शिक्षा टिकली असती आणि बागानचे सगळे सामने रद्द धरले गेले असते, तर १४ संघांचे १३ झाले असते, प्रत्येकाचे सामने २६ वरून २४ वर आले असते आणि ज्याने बागानकडून जितके गुण घेतले तितके त्याच्या खात्यातून गेले असते. चर्चिलने किताब पक्का केला तो ७ मे २०१३ रोजी, बागानशीच १-१ अशी बरोबरी करून. म्हणजे निर्णायक ठरलेला तो एक गुण बागान स्पर्धेत असल्यामुळेच मिळाला!

आता शेवटचा तक्ता पाहा. चर्चिल : १६ विजय, ७ बरोबरी, ३ पराभव, गुण ५५. पुणे एफसी : १५ विजय, ७ बरोबरी, ४ पराभव, गुण ५२. बरोबरीचे सामने दोघांचेही सात. फरक आहे तो एकाच सामन्याचा : पुण्याने एक जास्त गमावला, चर्चिलने एक जास्त जिंकला. तिसऱ्या ईस्ट बंगालचे गुण ४७, पराभव पाच आणि बरोबरी आठ. विजयाला तीन आणि बरोबरीला एक गुण असल्यामुळे प्रत्येक बरोबरीत दोन गुण हातचे जातात, हे आपण पराभव मोजताना विसरतो. आदल्या हंगामातल्या विजेत्या धेंपो क्लबकडे पाहिले की ते चटकन कळते. तेव्हा धेंपो पाच सामने हरला, म्हणजे चर्चिलपेक्षा दोन जास्त. तरी १८ विजय आणि फक्त ३ बरोबरींमुळे गुण झाले ५७. २०१०-११ चा साळगावकर तर सहा वेळा हरूनही ५६ गुणांनी विजेता ठरला, कारण बरोबरी दोनच.

गोल करणाऱ्याच्या नावावर किताब ठरतो, हाही समज लेखात डोकावतो. रँटी मार्टिन्सने २०१०-११ मध्ये धेंपोकडून ३० गोल केले, किताब साळगावकरने नेला. पुढच्या वर्षी ३२ केले, तेव्हा धेंपो जिंकला. २०१२-१३ मध्ये प्रयाग युनायटेडकडून २६ गोल करून पुन्हा तोच अव्वल, आणि किताब सुभाष भौमिक यांच्या मार्गदर्शनाखालच्या चर्चिलला.

कागदावर निकाल लागल्याचे उदाहरणच द्यायचे होते, तर ते हंगाम संपल्यावरचे द्यायला हवे होते. युनायटेड सिक्कीम तळाला राहून घसरला, पण एअर इंडिया आणि ओएनजीसी यांना लीगमध्ये खेळण्यासाठी लागणाऱ्या क्लब परवान्याचे निकष पुरे न केल्याने बाहेर जावे लागले. आशियाई फुटबॉल महासंघाच्या या परवान्याची पाच अंगे आहेत : युवा संघ, मैदान व सुविधा, माणसे व कारभार, कायदेशीर बाबी आणि पैसा. ‘अ’ गटातली एक अट चुकली की परवाना नाही. ‘ब’ गटातली चुकली तर परवाना मिळतो, पण दंड वा ताकीद येते. मैदान स्वतःचे नसले तरी चालते, वापराचा लेखी करार मात्र लागतो. क्लब अडकतात ते बहुधा पैशाच्या अंगात, म्हणजे लेखापरीक्षित हिशेब आणि ठरल्या तारखेपर्यंत खेळाडूंची थकबाकी चुकती करणे. जानेवारी २०१४ मध्ये कोचीला फेडरेशन कप जिंकलेला चर्चिलही त्याच वर्षी परवान्यावर अडकून आय-लीगबाहेर गेला. लेखाने याला एक ओळही दिलेली नाही.

एक विनंती. लेखासोबतच्या चौकटीत संघाचे नाव आणि गुण एवढेच होते. पुढच्या वेळी विजय, बरोबरी, पराभव असे तीन रकाने द्यावेत आणि बागानसारख्या नोंदीपुढे फुली मारून खाली एका ओळीत खुलासा छापावा. चौकटीतल्या जाहिरातीएवढीसुद्धा जागा लागणार नाही.

आपला,
एक वाचक, फोंडा