‘भूमिगत चर्च’ हा शब्द टाळावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर २०२५ मध्ये चीनच्या ग्वांगशी प्रांतातल्या बेईहाई शहरात झायन मंडळीचे (म्हणजे सरकारी नोंदणी नसलेल्या एका प्रोटेस्टंट चर्चचे) पाळक, म्हणजे धर्मगुरू, जिन मिंगरी यांना अटक झाली. त्याच सुमारास वेगवेगळ्या शहरांतून या मंडळीचे सुमारे तीस पाळक आणि सेवकही पकडले गेले. या प्रकरणाच्या बातम्यांत ‘भूमिगत चर्च’ असा शब्द वाचतो आणि दर वेळी अडखळतो.

भूमिगत म्हटलं की मराठी माणसाला बेचाळीस आठवतं. वेषांतर, रात्रीचे निरोप, पत्री सरकार. झायन मंडळी अशी कुठे लपली होती? उत्तर बीजिंगमध्ये एका ऑफिसच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, पूर्वी नाइटक्लब असलेल्या हॉलमध्ये तिची उपासना भरे. पंधराशेच्या आसपास सभासद. हे घरमालकाला ठाऊक होतं आणि पोलिसांनाही. एप्रिल २०१८ मध्ये अधिकाऱ्यांनी तिथे २४ कॅमेरे बसवायला सांगितले. प्रार्थनेला बसलेल्या माणसांवर कॅमेरा रोखायला मंडळीने नकार दिला आणि सप्टेंबरमध्ये हॉलला टाळं लागलं. मग उपासना झूमवर सुरू झाली. आताचा आरोप आहे इंटरनेटच्या बेकायदा वापराचा.

“मग नोंदणी का करत नाहीत?” असं माझ्या ओळखीच्या अनेकांनी विचारलं. नोंदणी म्हणजे सरकारमान्य ‘तीन-स्व’ संघटनेत जाणं. स्वशासन, स्वपोषण, स्वप्रसार ही ती तीन तत्त्वं. आम्हा अहिल्यानगरच्या ख्रिस्ती लोकांना ती परकी नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ज्यांनी ती मांडली, त्यांतले एक रुफस अँडरसन. आमच्या गावात काम करणारं अमेरिकन मराठी मिशन ज्या बोर्डाचं होतं, त्याचे ते सचिव. १८५४-५५ मध्ये ते स्वतः इथे येऊन गेले. मिशनरी कायमचा राहायला येत नाही, इथल्या मंडळीला इथलाच पाळक हवा आणि त्याचा पगारही मंडळीनेच उचलावा, असा त्यांचा आग्रह. तत्त्व उत्तमच होतं. परदेशी पैशाच्या कुबड्या टाकून मंडळीने आपल्या पायावर उभं राहावं, एवढाच त्याचा अर्थ.

चीनमध्ये १९५० नंतर याच शब्दांचा वापर मंडळी सरकारच्या हाती देण्यासाठी झाला. बीजिंगचे वांग मिंगदाव यांनी परदेशी मिशनची मदत कधीच घेतली नव्हती. स्वतःच्या बळावर मंडळी उभी करणारा त्यांच्याइतका पक्का माणूस शोधून सापडला नसता. तरी संघटनेत यायला नकार दिला म्हणून १९५५ मध्ये ते तुरुंगात गेले, आणि त्यांची वीसहून जास्त वर्षं बंदिवासात गेली. स्वशासनाच्या नावाने उभ्या राहिलेल्या संघटनेला स्वतःचं शासन स्वतः करणारा पाळकच चालला नाही, हे वाचून मला आजही वाईट वाटतं.

मात्र नोंदणी केलेल्या मंडळ्यांतली माणसं सरकारची बाहुली आहेत, असं आमच्यातलेच काही जण सहज बोलून जातात. ते मला मुळीच पटत नाही. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात सगळीच चर्च बंद होती. १९७९ पासून ती उघडू लागल्यावर पहाटेपासून रांगा लावणाऱ्या म्हाताऱ्या बाया याच चर्चमध्ये आल्या. नानजिंगच्या अ‍ॅमिटी छापखान्याने १९८७-८८ पासून २०१९ पर्यंत वीस कोटी बायबल छापली, तीही मान्यताप्राप्त मंडळींच्या खटपटीमुळेच. (तीच बायबल २०१८ पासून चीनमधल्या ऑनलाइन दुकानांतून काढून टाकली आहेत. आता ती घ्यायला नोंदणीकृत चर्चमध्येच जावं लागतं.) शिवाय नोंदणीने संरक्षण तरी कुठे मिळालं? वेन्झोऊचं सानजियांग चर्च सरकारमान्य होतं. एप्रिल २०१४ मध्ये ते पाडलं. पुढे झेजियांग प्रांतात हजारावर चर्चवरचे क्रूस उतरवले. त्याला विरोध करणारे हांगझोऊचे पाळक गु युएसे हे देशातल्या सर्वांत मोठ्या सरकारमान्य चर्चपैकी एकाचे प्रमुख होते. २०१६ च्या जानेवारीत त्यांनाही पदावरून काढून ताब्यात घेतलं.

चीन सरकारच्याच २०१८ च्या श्वेतपत्रिकेत प्रोटेस्टंट ३ कोटी ८० लाख आणि कॅथलिक ६० लाख असा आकडा आहे. १९४९ मध्ये प्रोटेस्टंट दहा लाखांच्या आसपास होते. ही वाढ परदेशी मिशनऱ्यांनी केलेली नाही, कारण पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीलाच त्यांना देशाबाहेर जावं लागलं होतं. शेतात राबणाऱ्या बाया, ओट्यावर आणि स्वयंपाकघरात भरणाऱ्या प्रार्थनासभा, हातांनी उतरवून घेतलेली शास्त्राची पानं, यांतून मंडळी वाढली. तेव्हा ‘परकीयांचा धर्म’ हा आरोप निदान इथे तरी लागू होत नाही.

मला सगळ्यात जास्त सलतं ते मुलांचं. मी तीस वर्षं आमच्या मंडळीत संडे स्कूल घेतलं. नाताळच्या नाटकात मेंढपाळ व्हायला भांडणारी पोरं, पाठांतराचं वचन अर्ध्यावर विसरून रडणारी पोरं. चीनमध्ये आज अनेक ठिकाणी अठरा वर्षांखालच्या मुलांना चर्चच्या दारातूनच परत पाठवतात, सरकारमान्य चर्चमध्येसुद्धा. आई उपासनेला आत गेली, तर मुलाने बाहेर कुणाजवळ थांबायचं?

म्हणून विनंती एवढीच, की ‘भूमिगत’ किंवा ‘बेकायदा’ न लिहिता ‘नोंदणी नसलेली मंडळी’ असं लिहावं. जे खरं आहे तेवढंच त्यात येतं. दुसरं असं, की अटकेची बातमी छापून आली की पुढे तो माणूस कुठे गेला ते आम्हाला कळत नाही. चेंगदूच्या अर्ली रेन मंडळीचे पाळक वांग यी यांना ९ डिसेंबर २०१८ रोजी अटक झाली आणि ३० डिसेंबर २०१९ रोजी नऊ वर्षांची शिक्षा सुनावली गेली. अटकेपासून मोजलं तर ती डिसेंबर २०२७ मध्ये पुरी होते. ते त्या वेळी घरी परतले की नाही, हे आपल्या दैनिकाने आम्हाला जरूर कळवावं.

आपला,
एक वाचक, अहिल्यानगर